जंतुसंसर्ग आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

आपल्या चुडाव्याच्या रुग्णालयात शौचावाटे रक्त जाते म्हणून येणारा बहुतेक प्रत्येक रुग्ण ‘मूळव्याध आहे’ असे निदान स्वतःच करून येतो. पुष्कळांचे ते बरोबर निघते, काहींचे निघत नाही. अशाच एका वयस्क रुग्णाच्या चिरंजीवांनी अहवाल वर्षात आम्हांस कार्यालयात येऊन विचारले, “साहेब, हा कॅन्सर जंतूंमुळे होतो म्हणतात. वडिलांचे ताट-वाटी वेगळे ठेवू का?” ते त्या घरी आधीच वेगळे झाले होते आणि नातवंडांना आजोबांजवळ जाण्यास मनाई होती, हे पुढील बोलण्यात समजले. आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकात आमचा अधिकार नाही. तथापि आमच्या डॉक्टरांकडून विषय समजावून घेऊन त्याचे उत्तर येथे देत आहोत.

काही कर्करोगांच्या मुळाशी संसर्ग असतो, हे आपल्या मराठवाड्यानेच जगाला दाखविण्यास मदत केली आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही या विषाणूची एकदा तपासणी करून वेळीच उपचार केल्यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, असे त्यातून २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. जठराच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या हेलिकोबॅक्टर जंतूच्या शोधास २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोठ्या आतड्याचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही. १९५१ मध्येच काही डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेला स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस गटातील जंतूंचा संसर्ग आणि आतड्याचा कर्करोग एकाच रुग्णात आढळल्याची नोंद केली. आजही रक्ततपासणीत हा जंतू निघाल्यास आतड्याची दुर्बिणीने तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. २०११ च्या सुमारास आतड्याच्या गाठींत फ्युसोबॅक्टेरियम हा एरवी तोंडात, हिरड्यांपाशी राहणारा जंतू मोठ्या प्रमाणात सापडला. नवी मुंबईत खारघर येथील टाटा केंद्राच्या संशोधकांना भारतीय रुग्णांच्या जिभेच्या गाठींतही तो आढळला आहे. विषाणूंपैकी एचपीव्हीचा गुदद्वाराच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध आहे. मोठ्या आतड्याच्या बाबतीत विषाणूंविषयीचा पुरावा अद्याप डळमळीत आहे.

एकाच तारखेला रोजकीर्दीत दोन नोंदी पडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आम्हा हिशेबनिसांना ठाऊक असते. जंतूमुळे गाठ झाली, की गाठीत आसरा मिळाला म्हणून जंतू वाढला? या प्रश्नावर सर्वांत ठोस पुरावा ई-कोलाय जंतूच्या काही प्रकारांविषयी मिळाला. हे प्रकार कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात आणि ते पेशींतील जनुकांवर विशिष्ट खूण उमटवते, असे २०२० मध्ये दिसून आले. २०२५ मध्ये ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या अभ्यासात, चाळिशीच्या आत कर्करोग झालेल्यांत ही खूण सत्तरीनंतरच्या रुग्णांपेक्षा सुमारे तिपटीने अधिक आढळली. ती बहुधा बालपणीच उमटत असावी. हा जंतू कित्येक निरोगी माणसांच्या पोटातही असतो, हेही लक्षात घ्यावे.

तेव्हा ताट-वाटी वेगळे करण्याचे काहीच कारण नाही. आतड्याचा कर्करोग एकत्र जेवल्याने वा सेवेने दुसऱ्यास होत नाही. दुसरी भीती आम्हांस अधिक वाटते. २०१७ मध्ये मेट्रोनिडॅझोल दिल्यावर उंदरांतील गाठींची वाढ मंदावली, अशी बातमी आली. ते उंदरांपुरते होते. औषध दुकानातून त्याच गोळ्या आणून महिनोन् महिने घेणे घातक आहे, कारण त्यात निदानच लांबते. चाळिशीनंतर रक्त जाऊ लागले, शौचाची सवय बदलली, वजन उतरले, अंगात रक्त कमी भरले, तर मूळव्याध दिसत असली तरी पुढील तपासणी करून घ्यावी.

ही दुर्बिणीची तपासणी आपल्याकडे नाही. रुग्णास नांदेडला पाठवावे लागते. गाडीने अंतर थोडे आहे. पण पोट साफ होण्याचे औषध घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाने गर्दीच्या डब्यात बसावे कसे? म्हणून असे रुग्ण आदल्या रात्री आपल्याच वॉर्डात ठेवून सकाळी रुग्णवाहिकेने पाठविण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्याचा खर्च देणगीतून भागवावा लागेल.