चित्रफितीचे वजन कसे उतरवावे?



गणेशविसर्जन, उत्तरायणातले पतंग, शाळेचे स्नेहसंमेलन यांचे चित्रण तुमच्यापैकी बरेच जण करतात. असे छोटे तुकडे जाहिराती व माहितीपट करणाऱ्यांना पुरवणाऱ्या संस्थाही आहेत. त्याला ‘स्टॉक फुटेज’ म्हणतात. अडचण एकच, फाईल फार मोठी होते. ती लहान कशी करावी, हे आज शिकू.

आधी माझी चूक सांगतो. माझ्या वडिलांनी उधन्यात वर्षानुवर्षे धोट्याचे माग चालवले. ते माग भंगारात निघण्याच्या आदल्या दिवशी मी वडिलांचे काम करतानाचे चित्रण केले. नातेवाइकांना चटकन पाठवता यावे म्हणून फाईल अगदी लहान केली आणि जागा अडते म्हणून मूळ फाईल पुसून टाकली. आज त्या चित्रात वडिलांचा हात दिसतो, पण बोटांतला धागा दिसत नाही. माग गेले, आता पुन्हा चित्रण कुठून करणार?

थोडे गणित

‘फोर-के’ चित्राच्या एका चौकटीत ३८४० × २१६० म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एका चौकटीला सुमारे २५ एमबी लागतात. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे ६२२ एमबी, आणि २० सेकंदांच्या तुकड्याला जवळजवळ साडेबारा जीबी! प्रत्यक्षात कॅमेरा चित्रण करतानाच ते दाबून साठवतो, म्हणून फाईल इतकी मोठी होत नाही.

दाबणे म्हणजे काय?

आपल्या सुरतेतले उदाहरण घ्या. साडीवर एकच बुट्टा शंभर वेळा असला, तरी जेकार्डसाठी त्याचे नक्षीचे पत्ते शंभर वेळा पाडत नाहीत. एकदा पाडतात आणि तेच फिरवतात. संगणकही एक चौकट पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चौकटींत फक्त काय हलले ते लिहितो. मागे भिंत स्थिर आणि पुढे धोटा पळतो, तर मुख्यतः धोट्याचीच नोंद. पण हात थरथरला की भिंतही हलते आणि नोंद वाढते. म्हणून तिपाई वापरली की चित्र तर सुधारतेच, शिवाय कमी जागेत मावते.

दुसरी युक्ती एका चौकटीच्या आतली. बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली एक गणिती रीत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे चित्रातला ठळक भाग आणि बारीक तपशील वेगळे करता येतात. डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील मग सोडून देता येतो. मात्र सोडलेला तपशील परत मिळत नाही. माझ्या फितीतला धागा तिथेच गेला.

सूत्र लक्षात ठेवा

फाईलचा आकार (एमबी) = बिटरेट (दर सेकंदाला मेगाबिट) × सेकंद ÷ ८

२० सेकंदांचा तुकडा १०० मेगाबिटने साठवला तर २५० एमबी, ४० ने १०० एमबी आणि १० ने २५ एमबी होतो. म्हणजे आकार शेवटी बिटरेट ठरवतो.

कृती

१. मूळ फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मगच पुढे जा.
२. सुरुवातीचा व शेवटचा नको असलेला भाग कापा. दर्जा न घटवता आकार कमी करण्याचा हाच सर्वांत सोपा उपाय.
३. पद्धत निवडा. एच.२६४ (२००३) बहुतेक सगळीकडे चालते. एच.२६५ (२०१३) तोच दर्जा साधारण निम्म्या आकारात देते, पण फाईल तयार व्हायला वेळ जास्त लागतो आणि जुन्या संगणकावर ती अडखळते.
४. ‘हँडब्रेक’ या मोफत प्रोग्रॅममध्ये दर्जाचा आकडा असतो. आकडा लहान तितका दर्जा चांगला व फाईल मोठी. एच.२६४ साठी २० ते २३ पासून सुरुवात करा.
५. आधी दहाच सेकंद करून पूर्ण पडद्यावर पाहा. अंधारा कोपरा, पाणी, केस, कापडाचा पोत येथे चौकोन दिसले, तर आकडा कमी करा.
६. घरच्यांना पाठवायला १९२० × १०८० पुरते. विक्रीसाठी मात्र मूळ बिंदूसंख्या व चौकटींचा वेग तसाच ठेवा, बिटरेट भरपूर द्या आणि त्या संस्थेचे नियम वाचा.
७. दाबलेली फाईल पुन्हा दाबू नका. दर वेळी मुळापासूनच नवी प्रत काढा. झिप करूनही उपयोग नाही, कारण चित्रफीत आधीच दाबलेली असते.

गृहपाठ

तापीकाठचे ३० सेकंदांचे चित्रण ४० मेगाबिटने साठवले, तर किती एमबी होतील? (उत्तर : १५०)

आणि एक काम आजच करा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे त्यांचा धंदा करतानाचे चित्रण करून ठेवा. पाठवायला लहान प्रत खुशाल काढा, पण मूळ फाईल पुसू नका.