व्यस्त प्रमाणाशी झुंजलेला डॉक्टर

शाळेच्या अंकगणितात आपण समप्रमाण आणि व्यस्त प्रमाण शिकलो. मजूर वाढले की दिवस कमी लागतात, हे व्यस्त प्रमाण. गरज वाढली की मदतही वाढावी, हे खरे तर समप्रमाण असायला हवे. पण व्यवहारात उलटेच दिसते. जिथे आजार अधिक तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि जिथे आजार कमी तिथे ती मुबलक, हे सूत्र डॉ. ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मांडले. त्याला त्यांनी ‘इन्व्हर्स केअर लॉ’, म्हणजे सेवेच्या व्यस्त प्रमाणाचा नियम, असे नाव दिले. हे डॉक्टर विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. एका खाणगावातले ते फॅमिली डॉक्टर होते.

हार्ट यांचा जन्म १९२७ साली लंडनमध्ये झाला. वडील डॉक्टर, स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. केंब्रिज आणि लंडन येथे शिक्षण घेतल्यावर हार्ट यांनी रिचर्ड डॉल आणि आर्ची कॉक्रन या नामवंत संशोधकांच्या हाताखाली काम केले. पुढे १९६१ साली ते दक्षिण वेल्समधील ग्लिनकोरुग या सुमारे दोन हजार वस्तीच्या गावी गेले आणि पाव शतकाहून अधिक काळ तिथेच राहिले. गावची कोळशाची खाण १९७० साली बंद पडली. म्हणजे आजारपणाच्या जोडीला बेकारीही आली.

अशा गावात संशोधन कसे करायचे? हार्ट यांचे साधन अगदी साधे होते : रुग्णांची यादी. १९४८ साली सुरू झालेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत माणसाचे नाव एखाद्या फॅमिली डॉक्टरकडे नोंदलेले असते. त्यामुळे दवाखान्यात कोण आले एवढेच नव्हे, तर कोण आले नाही हेही डॉक्टरला कळू शकते. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच त्रास देत नाही. म्हणून ज्याला तो आहे तो माणूस आपण होऊन दवाखान्यात येत नाही. हार्ट यांनी ठरवले की खोकल्यासाठी येवो की दाखल्यासाठी, आलेल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायचा, नोंदायचा, आणि जे उरतील त्यांना शोधून काढायचे. या पद्धतीने गावातील जवळजवळ सर्व प्रौढांची तपासणी झाली. या कामात त्यांच्या पत्नी मेरी आणि दवाखान्यातील सहकारी बरोबरीने होते.

या पंचवीस वर्षांच्या कामाचा अहवाल १९९१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. अशी मोहीम नसलेल्या शेजारच्या गावाशी तुलना करता ग्लिनकोरुगमधील अकाली मृत्यूंचे प्रमाण चौथ्या हिश्शाहून अधिक कमी आढळले. गावे लहान, आकडेही लहान. तेव्हा एवढ्यावरून मोठा सिद्धान्त बांधता येणार नाही. तरीही गरीब वस्तीत उत्तम सेवा देता येते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

त्यांच्या नियमाचा उत्तरार्ध मात्र पुष्कळदा विसरला जातो. वैद्यकीय सेवा जितकी बाजाराच्या हाती जाईल तितका हा नियम कडक होतो, आणि बाजाराचा हात दूर ठेवला तर तो सैल पडतो, असे हार्ट यांनी म्हटले होते. खाणी-कारखान्यांच्या भागात डॉक्टरांवर कामाचा बोजा जास्त, इस्पितळांच्या इमारती जुन्या, मनुष्यबळ अपुरे. हे माणसांच्या निर्णयांनी घडले होते. गुरुत्वाकर्षणाप्रमाणे हा निसर्गाचा नियम नव्हे. म्हणूनच तो मोडता येतो.

एकटा डॉक्टर एक गाव सांभाळील, पण पुढे काय? याचे उत्तर त्यांच्या शिष्यांनी दिले. ग्रॅहॅम वॉट हे तरुण डॉक्टर ग्लिनकोरुगमध्ये हार्ट यांच्यासोबत संशोधन करीत होते. पुढे ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि २००९ साली त्यांच्या पुढाकाराने स्कॉटलंडमधील सर्वांत वंचित वस्त्यांत काम करणारे १०० दवाखाने एकत्र आले. या गटाचे नाव ‘डीप एंड’, म्हणजे पोहण्याच्या तलावाची खोल बाजू. खोल पाण्यातल्या डॉक्टरांनी एकमेकांचे अनुभव टिपले आणि गुंतागुंतीच्या रुग्णासाठी अधिक वेळ हवा, अशी मागणी सरकारपुढे मांडली. नंतर असे गट इतर देशांतही उभे राहिले. रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सने २००६ साली आपला पहिला ‘डिस्कव्हरी’ पुरस्कार हार्ट यांना दिला. २०१८ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हा विषय का वाचावा, असे कोणी विचारील. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या दोन्ही विषयांत आपण विषमतेच्या व्याख्या पाठ करतो. ती मोजण्याची रीत मात्र या डॉक्टरकडून शिकावी. व्यस्त प्रमाण दवाखान्यापुरतेही नाही. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, शिकलेले वडीलधारे आहेत, तोच ग्रंथालयात हक्काने जातो, तोच प्राध्यापकांना शंका विचारतो. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही, तो मागच्या बाकावर गप्प बसतो आणि एके दिवशी यायचा थांबतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होते. हार्ट यांच्या रीतीने पाहिले तर तिथूनच काम सुरू व्हायला हवे : पहिल्या सत्रानंतर न आलेल्यांची यादी काढावी, आणि आपल्यापैकी कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करावी.