विषाणूंचे संकट आणि गावाची सावधगिरी

कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या शेतीचे रूप पालटले. नारायणगावचा टोमॅटो दूरदूरच्या बाजारपेठांत जातो. ठिकठिकाणी कुक्कुटपालनाचा जोडधंदा रुजला आहे, पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांत परसातल्या कोंबड्या पाळल्या जातात, तर डिंभे जलाशयावर धरणग्रस्त आदिवासींनी सहकारी तत्त्वावर मासेमारी सुरू केली आहे. या तिन्ही व्यवसायांना एका समान शत्रूची भीती आहे. तो शत्रू म्हणजे विषाणू.

विषाणूचे स्वरूप

जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाणारे काही रोगकारक द्रव्य असते, हे प्रथम तंबाखूच्या रोगट पानांवरील प्रयोगांतून १८९२ ते १८९८ या काळात उघड झाले. विषाणूला स्वतंत्रपणे वाढता येत नाही. वनस्पती, पक्षी, मासा किंवा माणूस यांच्या जिवंत पेशीत शिरूनच तो आपल्या प्रती निर्माण करतो. म्हणूनच जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. कोंबड्यांच्या किंवा पिकांच्या विषाणूजन्य रोगांत रोग जडल्यावर धावाधाव करून फारसे काही हाती लागत नाही. खरा उपाय रोग येण्यापूर्वीच करावा लागतो.

मानमोडी आणि लस

राणीखेत किंवा मानमोडी हा कोंबड्यांचा रोग शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९२६ मध्ये आणि त्यानंतर लगेचच कुमाऊँमधील राणीखेत येथे तो आढळल्यामुळे त्याला ही दोन नावे मिळाली. हिरवट हगवण, धाप लागणे, मान पिळवटणे, पाय लुळे पडणे व अंडी एकाएकी घटणे ही त्याची लक्षणे होत. लस न दिलेल्या कळपात तो शिरला, तर खुराडे रिकामे होण्यास वेळ लागत नाही.

यावर लस हाच भरवशाचा उपाय आहे. पहिल्या आठवड्यात पिलांच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा अथवा एफ-१ लसीचा थेंब टाकतात, तर सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास मुक्तेश्वर वाणाच्या विषाणूची लस टोचतात. मात्र ही लस जिवंत विषाणूची असते. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवली नाही, तर तिचा गुण नाहीसा होतो. पिण्याच्या पाण्यातून लस देताना त्या पाण्यात क्लोरीन असता कामा नये. लस उन्हातून उघडी आणली गेल्यास लसीकरणाची नोंद वहीत होते, पण कोंबड्यांना संरक्षण मिळत नाही.

नवापूरचा धडा

बर्ड फ्लूचे स्वरूप याहून गंभीर आहे. देशातील त्याचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत निदान झाले आणि बाधित क्षेत्राभोवती ३ किलोमीटर परिसरातील पक्षी नष्ट करण्यात आले. पुढे कृती आराखड्यात सुधारणा होऊन हे अंतर १ किलोमीटर करण्यात आले, तर १० किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानी घेणे अगत्याचे आहे. नुकसानभरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी. आधीच रोगाने मेलेल्या पक्ष्यांसाठी ती मिळत नाही. त्यामुळे मरतूक लपवणारा शेतकरी शेजाऱ्याला धोक्यात टाकतोच, शिवाय स्वतःचाही तोटा करून घेतो. आजारी पक्षी घाईने विकून टाकणे म्हणजे रोग गाडीत घालून पुढच्या गावी पोहोचविणे होय.

मळा आणि जलाशय

पिकांवरील विषाणू बहुधा किडींच्या वाटेने येतात. २०२० च्या उन्हाळ्यात राज्यातील टोमॅटोच्या फळांवर डाग पडून ती अवेळी पिवळी पडू लागली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. मावा ही कीड त्याचा प्रसार करते, तर पर्णगुच्छाचा विषाणू पांढरी माशी वाहून नेते. म्हणून कीटकरोधक जाळीतील रोपे घेणे व रोगट झाडे उपटून नष्ट करणे हिताचे.

माशांच्या बाबतीत धोका असतो तो बाहेरून आणलेल्या बीजात. तिलापिया माशाच्या एका घातक विषाणूची नोंद २०१४ मध्ये इस्राएलमध्ये झाली आणि काही वर्षांतच तो भारतातही आढळला. मात्र पहाटे एकदम पुष्कळ मासे मेले, तर पाण्यातील प्राणवायू घटल्याचा संशय प्रथम घ्यावा. मरतूक दिवसेंदिवस वाढत गेली, तर रोगाची तपासणी करावी.

अफवेचा रोग

२०२० च्या आरंभी कोंबडीच्या मांसातून करोना पसरतो, अशी अफवा उठली आणि कुक्कुटपालकांचे दर कोसळले. पुढे टोमॅटोबाबतही तशीच भीती पसरली. वस्तुतः वनस्पतींचे विषाणू माणसाला बाधत नाहीत आणि ७० अंश सेल्सिअस तापमानाला नीट शिजलेल्या मांसात बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही. अशा वेळी गावाचा विश्वास असतो तो शिक्षकांच्या शब्दावर. शाळेत सांगितलेली ही माहिती घरोघर पोहोचते.

ग्रामपंचायतीचे उत्तरदायित्व

प्राण्यांच्या मरतुकीची खबर किती मोलाची असते, याचे उदाहरण पुण्याच्या संशोधनाच्या इतिहासातच आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडे मरत असल्याचा शोध घेतला आणि त्यातून माणसांनाही होणारा एक नवा रोग उजेडात आला.

२००९ च्या प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमान्वये, अनुसूचित रोगाचा संशय येताच जनावरांच्या मालकाने ग्राम अधिकारी किंवा ग्रामपंचायतीला खबर देणे बंधनकारक आहे. पंचायतीने ती विनाविलंब जवळच्या पशुवैद्यकास लेखी कळवावी. मेलेले पक्षी उघड्यावर, ओढ्यात वा कालव्यात टाकू देऊ नयेत. नमुने पशुवैद्यकांनीच घ्यावेत आणि पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवावेत. विषाणूच्या आधी खबर पोहोचली, तरच गावाचे कुक्कुटधन वाचते.