नॉक सेन्सरचा दोष : आधी तपास, मग बदल

आमचा धंदा कापडाचा. माल पाहण्यासाठी व वसुलीसाठी आम्हाला मालेगावहून भिवंडीला महिन्यातून तीन-चार फेऱ्या कराव्या लागतात. म्हणून मोटार ही आमच्या शौकाची वस्तू नाही, दुकानाच्या गल्ल्याइतकीच ती कामाची आहे. एकदा पावसाळ्यात परतताना कसारा घाटात गाडीचा जोर एकाएकी कमी झाला आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने मशीन लावून सांगितले, "नॉक सेन्सर गेला." आम्ही नवा सेन्सर घेतला, मजुरी दिली. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर! पैसे गेले, दोन दिवसांचा धंदा गेला आणि दोष जागच्या जागी राहिला. पुढे एका जुन्या मिस्त्रीकडून जे शिकलो, ते गाडीमालक व गॅरेजवाले या दोघांच्याही उपयोगाचे आहे.

नॉक म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पडल्यावर हवा-पेट्रोलचे मिश्रण क्रमाने जळत गेले पाहिजे. उष्णता व दाब फार वाढला तर उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. चढावर ऐकू येणारी ती खडखड म्हणजे नॉक. कमी ऑक्टेनचे किंवा भेसळीचे पेट्रोल, साचलेला कार्बन, तापलेले इंजिन, वेळेआधी पडणारी ठिणगी ही त्याची कारणे. दुर्लक्ष केले तर पिस्टन फुटतो आणि खर्च इंजिन खोलण्यापर्यंत जातो.

हा आवाज ऐकणारा कान म्हणजे नॉक सेन्सर. तो इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने बसवलेला असतो. त्याच्या आत अशा पदार्थाची चकती असते की तिच्यावर दाब पडताच ती थोडी वीज निर्माण करते. हा गुण १८८० साली फ्रान्समध्ये झाक व पिएर क्युरी या बंधूंनी शोधला. सेन्सरचा इशारा इंजिनाच्या संगणकाकडे, म्हणजे ईसीएमकडे जातो. ईसीएम ठिणगी काही अंश मागे घेते आणि आवाज थांबला की हळूहळू पूर्ववत करते.

आता या कानाची वायर तुटली तर? ईसीएम बहिरी होते. मग इंजिन वाचावे म्हणून ती ठिणगी कायम मागेच ठेवते. त्यामुळे पिकअप पडतो आणि पेट्रोल जास्त लागते. घाटात आमच्या गाडीचा जोर गेला तो यामुळेच.

कोड काय सांगतो, काय सांगत नाही

स्कॅनरवर पी ०३२५ हा कोड पहिल्या नॉक सेन्सरच्या सर्किटचा. पी ०३२६ म्हणजे इशारा अपेक्षित मर्यादेत नाही, पी ०३२७ म्हणजे इशारा फार कमी, पी ०३२८ म्हणजे फार जास्त. पी ०३३० दुसऱ्या सेन्सरच्या सर्किटचा. येथे सर्किट हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा बोल्ट, कप्लर, वायर आणि ईसीएम हे सगळे मिळून. कापडात दोष निघाला तर तो सुतात आहे, तान्यात आहे की मागात आहे हे पाहिल्याशिवाय कोणी माग विकायला काढत नाही. हकीमही नाडी पाहिल्याशिवाय नुस्खा लिहीत नाही. येथेही तोच कायदा.

तपासाचा क्रम

१) कोड कागदावर लिहून घ्या. दिवा लागला त्या वेळचा वेग व तापमान स्कॅनर दाखवत असेल तर तेही लिहा. मगच कोड पुसा आणि गाडी चालवून तो परत येतो का ते पाहा.

२) इंजिन खरोखर खडखडते का, ते ऐका. खरी खडखड असेल तर आधी पेट्रोल, कूलंट व कार्बन पाहा. सैल पत्रा किंवा वाजणारा टॅपेटही सेन्सरला फसवतो.

३) डोळ्यांनी पाहा. कप्लरमध्ये पाणी, तेल किंवा हिरवी काट आहे का? उंदराने वायर कुरतडली आहे का? इशारा फार बारीक असल्याने बहुतेक गाड्यांत या वायरवर जाळीचे वेष्टण असते. ते फाटले किंवा वायर प्लगच्या वायरीजवळ गेली तर भलताच इशारा मिसळतो.

४) चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कप्लर सोडवा आणि सेन्सरचा रोध मोजा. येथे सर्व गाड्यांना एकच आकडा लागू नाही. काही सेन्सर एक मेगाओहमपेक्षा जास्त दाखवतात, काहींच्या आत रोधक असल्याने ते शे-दोनशे किंवा पाचशेच्या वर किलोओहम दाखवतात. त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडाच खरा. मोजताना मीटरच्या दोन्ही टोकांना बोटे लावू नका, आपल्या शरीराचा रोध मिसळून आकडा चुकतो.

५) ईसीएमकडील कप्लरही सोडवून वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. एक ओहमपेक्षा कमी आले पाहिजे. नंतर तीच वायर बॉडीशी व शेजारच्या वायरीशी जुळलेली नाही ना, ते पाहा. मोजताना वायर हलवत राहा, कारण अर्धवट तुटलेली वायर स्थिर असताना चांगली दिसते. या वायरींवर मेगर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नका. ईसीएम जळेल.

६) सेन्सर जिवंत आहे का ते पाहण्यासाठी मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरजवळच्या ब्लॉकवर लहान हातोडीने हलकेच ठोका. आकडा हलला पाहिजे. सेन्सरवर ठोकू नका.

७) बोल्ट पाहा. सपाट सेन्सर थेट स्वच्छ धातूवर बसला पाहिजे. मध्ये वॉशर, रंग किंवा गंज नको. अशा अनेक सेन्सरचा बोल्ट सुमारे २० न्यूटन मीटरला आवळतात. नक्की आकडा मॅन्युअलमध्ये पाहा आणि टॉर्क पाना वापरा. सैल बोल्टने कान मंद होतो, फार आवळल्याने चकती बिघडते.

एवढे सगळे ठीक निघाले तरच ईसीएमवर संशय घ्यावा.

आमच्या गाडीत पाचव्या पायरीला दोष सापडला. मिस्त्रीने वायर हलवताच मीटरचा आकडा उडाला. कप्लरपासून वीतभर अंतरावर तांबे आतून काळे पडून तुटले होते. त्याने तेवढा तुकडा बदलला, जोड सोल्डर केला, जाळीचे वेष्टण पूर्ववत केले. मग आमचा जुना सेन्सर मोजून दाखवला. तो अगदी शाबूत होता!

एक चुकीचा इलाज

काही ठिकाणी सेन्सरच्या जागी रोधक जोडून दिवा विझवून देतात. काही गाड्यांत दिवा विझतोही. पण ईसीएमला वाटते की इंजिन शांत आहे, म्हणून ती ठिणगी मागे घेत नाही आणि खरा नॉक पिस्टन खात राहतो. दिवा लागलेली गाडी निदान सावध असते, ही तर बेसावध. गिऱ्हाइकाला न सांगता असे करणे म्हणजे फाटके थान घडी घालून विकणे होय.

गाडीमालकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत : कोड कोणता आला? सेन्सर मोजला तेव्हा आकडा किती आला? वायर तपासली का? आणि कारागीर बंधूंना आमची विनंती की तपासाची मजुरी वेगळी सांगा आणि हक्काने घ्या. अर्धा तास मीटर धरणे हेही हुनर आहे. आम्ही त्या मिस्त्रीला त्याने मागितलेली मजुरी पूर्ण दिली, आणि तेव्हापासून आमच्या पेठेतल्या चार गाड्या त्याच्याकडेच जातात.