लांबीची जुनी मापे : रूपांतर आणि अर्थविचार

उद्दिष्टे
हा उपघटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• अंगुळ, वीत, हात, कोस व योजन या मापांचा परस्परसंबंध सांगता येईल.
• या मापांचे आजच्या मापांत रूपांतर करता येईल.
• असे रूपांतर कोठे करावे व कोठे टाळावे, हे ठरवता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, बखरी, जुनी पत्रे किंवा प्रवासवर्णने वाचताना ‘कोस’, ‘हात’, ‘वार’ असे शब्द वारंवार भेटतात. संपादकाला किंवा अनुवादकाला त्यांचे आजच्या मापांत रूपांतर करावेसे वाटते. हे काम केवळ गुणाकाराचे नाही. आधी शब्दाचा अर्थ निश्चित करावा लागतो.

विषय-विवेचन

१. मापांचे कोष्टक
भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) दिलेल्या परिभाषेनुसार २४ अंगुळे म्हणजे १ हात, ४ हात म्हणजे १ दंड, २००० दंड म्हणजे १ कोस आणि ४ कोस म्हणजे १ योजन होय. वीत ही अर्ध्या हाताएवढी, म्हणजे १२ अंगुळांची.
यांपैकी अंगुळ, वीत व हात ही मापे शरीरावरून आलेली आहेत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे हात. ते व्यक्तीगणिक बदलते. त्यामुळे कोष्टकातील गुणोत्तरे निश्चित असली, तरी मूळ माप निश्चित नाही.

२. रूपांतराचे उदाहरण
हात १८ इंचांचा, म्हणजे ४५.७२ सेंटिमीटरचा मानू. एका कोसात ८००० हात येतात. म्हणून १ कोस = ३.६६ किलोमीटर (सुमारे). मात्र व्यवहारात कोस दोन मैलांचा धरण्याचीही रूढी आहे. त्या हिशेबाने १ कोस = ३.२२ किलोमीटर. एकाच शब्दाच्या या दोन किमतींत जवळजवळ ४४० मीटरचा फरक पडतो.
आता ‘सैन्य चार कोसांवर उतरले’ हे वाक्य पाहा. येथे ‘१४.६३ किलोमीटर’ असे लिहिल्यास मूळ लेखकाला अभिप्रेत नसलेली अचूकता आपण त्याच्यावर लादतो. ‘चार कोस (सुमारे १३ ते १५ किलोमीटर)’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

३. माप आणि भाषिक रूढी
‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ ही म्हण तुम्हाला परिचित आहे. येथील बारा कोसांचे ३९ किंवा ४४ किलोमीटर करता येतील. पण म्हणीचा आशय त्यात उरणार नाही. थोड्या अंतरावर बोलीत फरक जाणवू लागतो, एवढेच तिला सांगायचे आहे. बोलींचे सर्वेक्षण करताना ही म्हण मोजपट्टी म्हणून वापरता येत नाही. ‘स्वर्ग दोन बोटे उरणे’, ‘वीतभर पोट’ हे प्रयोगही याच वर्गातले.
‘नऊवारी’चे उदाहरण निराळे आहे. वार म्हणजे ०.९१४४ मीटर; म्हणून नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर. १९५६ च्या कायद्याने भारतात मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली, तरी हा शब्द टिकला. कारण आज तो लांबीपेक्षा लुगड्याचा प्रकार व नेसण्याची पद्धत सांगतो.

सारांश
रूपांतरापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : हा शब्द मोजलेले माप सांगतो, अंदाज सांगतो की रूढ अर्थ? मोजलेल्या मापाचे, त्या काळाची व प्रदेशाची किंमत पाहून, रूपांतर करावे. अंदाजाचे रूपांतर अंदाजानेच द्यावे. रूढ अर्थ असल्यास मूळ शब्द तसाच ठेवावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. हात १८ इंचांचा मानून एका योजनाचे किलोमीटर काढा.
२. ‘विहीर वीस हात खोल आहे’ आणि ‘हातभर लाकूड, दहा हात ढलपी’ यांतील ‘हात’ या शब्दाच्या अर्थांची तुलना करा.
३. तुमच्या परिसरातील वडीलधाऱ्यांकडून लांबीचे पाच जुने शब्द मिळवा व वरील तीन वर्गांत त्यांची विभागणी करा.