माळ घालू नकोस

अंबाजोगाई

चि. छकुलीस,


काल मुकादमाच्या बायकोचा फोन आला. सोन्याच्या रिपोर्टात लिव्हरला सूज निघाली, म्हणून तू त्याचं औषध बंद केलंस आणि काविळीची माळ देणारा माणूस गाठलास, असं म्हणाली. खरं आहे का गं? तेव्हापासून घास उतरलेला नाही माझ्या घशाखाली.

त्याला मायकोप्लाझ्माचा न्यूमोनिया आहे. एका कोपीत तुम्ही सहा-सात माणसं निजता, एकाचा खोकला दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्याच्या छातीत उतरतो. या जंतूला पेशीचं कवच नसतं, म्हणून पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन त्याच्यावर चालत नाही. ॲझिथ्रोमायसीनसारखंच काही द्यावं लागतं. आणि हाच जंतू कधी लिव्हरलाही त्रास देतो. एसजीपीटी वाढतं, पण बहुतेक पोरांचं छाती सुधारली की उतरतं. क्वचित औषधानंही वाढतं, म्हणून कुठलं थांबवायचं ते रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतील. तू नाही, मी नाही, माळवालाही नाही.

तापाचं, पॅरासिटामॉलचं सिरपही बघ. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमचं असतं, तसं २५०चंही. सोन्या अठरा किलोचा. २५०चं पाच मिलीचं एक माप त्याला पुरतं, ताप हटेना म्हणून दोन दिलीस तर ते लिव्हरवरच जातं. नेमकं किती नि किती वेळा, तेही आता डॉक्टरांनाच विचार. निमेसुलाईड तर बारा वर्षांखालच्या पोरांना द्यायला सरकारनं २०११ सालीच बंदी घातली आहे. दुकानदारानं दिलं तरी घेऊ नकोस.

पण माळ, छकुले, माळ नको. तुझी आई नऊ वर्षांची होती तेव्हा मीच तिला माळ घालून आणली होती. मी एकोणीस वर्षांची, मला वाटायचं सगळं कळतं. माळ रोज लांबत होती, आम्ही म्हणत होतो कावीळ उतरतेय. देठ वाळले की गाठी सैल पडतात, माळ आपोआप लांबते, हे मला नर्सिंगला गेल्यावर कळलं. आठव्या दिवशी ती हाकेला ओ देईना, तेव्हा बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाचली. त्या वाटेवर मी काय काय नवस बोलले ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. पहाटे तीनला उसाच्या फडात जाणाऱ्या बाईला पोराकडे बघायला किती वेळ मिळतो, ठाऊक आहे मला. एक खाडा पडला की पैसे कापतात, हेही ठाऊक आहे. ते मी भरते.

उद्याच त्याला तिथल्या सरकारी दवाखान्यात ने, रिपोर्ट नि सगळ्या बाटल्या सोबत घे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात किंवा पोरगं गुंगीत राहिलं, तर सकाळची वाट बघू नकोस. नाहीतर सरळ इकडे ये. स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाच्या बालरोग विभागात मी स्वतः घेऊन जाईन. रात्री कितीही वाजता गाडी येऊ दे, मी स्टँडवर उभी असेन. त्याची लाल गोधडी धुऊन ठेवली आहे.

तुझी,
मावशी