पाठीवरची काळी रेघ

घोडा म्हटला की आपल्यापुढे बहुधा पांढरा घोडा उभा राहतो. खंडोबाचा घोडा पांढरा, वरातीतला घोडा पांढरा आणि चित्रातल्या राजाचाही पुष्कळदा पांढराच. परंतु घोड्याचा मूळचा, रानटी अवस्थेतला रंग कोणता असे विचारले, तर उत्तर वेगळे येते. वाळल्या गवतासारखे मातकट पिवळे अंग, काळी आयाळ, काळे शेपूट आणि मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या मधोमध गेलेली एक काळपट रेघ. पुष्कळदा पायांवर गुडघ्यांच्या आसपास आडवे पट्टे, तर कधी खांद्यावर एखादा पट्टा. या रंगाचा आणि विशेषतः त्या रेघेचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या रंगाला आपल्याकडे नाव नाही असे नाही. पिवळसर अंगाच्या व काळ्या आयाळीच्या घोड्याला ‘समंद’ म्हणतात. हा शब्द फारशीतून आला. अबलख, कुमाईत, नुकरा हे त्याचेच सोबती. याहून जुना पुरावा संस्कृत कोशात सापडतो. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘अभिधानचिंतामणी’त घोड्यांच्या रंगांची नावे दिली आहेत. त्यांत किंचित पिवळा व गुडघ्यांशी काळा असा जो घोडा, त्याला ‘कुलाह’ म्हटले आहे. तुर्की भाषांत अशाच रंगाच्या घोड्याला ‘कुला’ म्हणतात, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. घोड्यांच्या व्यापाराबरोबर रंगांची नावेही देशोदेशी फिरली.

मात्र ही रेघ पाहण्यासाठी घोडाच हवा असे नाही. आपले राखी रंगाचे गावरान गाढव नीट पाहिले तर त्याच्या पाठीवर ती दिसते आणि खांद्यांवरून दोन्ही बाजूंना उतरणारा पट्टा तिला आडवा छेदून जातो. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा मोठा बाजार भरतो. तेथे गावरान गाढवांबरोबर काठेवाडी गाढवेही येतात. दुवान, चौवान, अखंड असे दात पाहून सौदा होतो. पाठीच्या रेघेकडे कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक ती रेघ त्या जनावराचे कूळ सांगत असते. पाळीव गाढव हे आफ्रिकेतील रानगाढवाचे वंशज आहे आणि खांद्यावरचा पट्टा त्याने तेथूनच आणला आहे. कच्छच्या छोट्या रणातील आपल्या रानगाढवाच्या, म्हणजे खुराच्या, पाठीवरही ठळक रेघ असते. परंतु आपले गाढव खुरापासून झालेले नाही.

गाढवाच्या पाठीवरच्या या फुलीची एक कथा ख्रिस्ती समाजांत प्रचलित आहे. येशू गाढवावर बसून जेरुसलेमला गेला, म्हणून त्याच्या पाठीवर क्रूस उमटला, अशी ती कथा आहे. ज्या सांताक्रूझ उपनगराच्या नावाचाच अर्थ पोर्तुगीज भाषेत ‘पवित्र क्रूस’ असा होतो, तेथील वाचकांना ही कथा विशेष वाटावी. आपल्या घरोघरी सांगितली जाणारी खारीची गोष्टही याच वळणाची आहे. सेतू बांधताना रामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली आणि पट्टे उमटले. कोणीतरी प्रेमाने ती रेघ काढली, असे दोन्ही कथा सांगतात.

शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. चार्ल्स डार्विनने १८५९ सालच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात घोड्यांच्या पट्ट्यांची चर्चा केली आहे आणि तिच्यात आपल्या शेजारचे काठेवाड येते. कर्नल पूल या अधिकाऱ्याच्या माहितीवरून तो लिहितो, की काठेवाडी घोड्यांत पट्टे इतके सर्रास असतात की पट्टे नसलेला घोडा शुद्ध जातीचा मानला जात नाही. पाठीवर रेघ नेहमीच असते, पायांवर बहुधा पट्टे असतात, शिंगरांत ते अधिक ठळक दिसतात आणि म्हातारपणी कधीकधी नाहीसे होतात. घोडा, गाढव आणि झेब्रा यांचा पूर्वज एकच व तो पट्टेदार असावा, असे अनुमान त्याने यावरून काढले. दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला जो घोडेबाजार भरतो, त्यात मारवाडीबरोबर काठेवाडी घोडेही येतात. म्हणजे डार्विनच्या युक्तिवादातला साक्षीदार पाहायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही.

डार्विनला जे ठाऊक होणे शक्य नव्हते, ते अलीकडे कळले. २०१५ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील लीफ अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रंगामागील जनुक शोधून काढले. त्याचे नाव टीबीएक्स-३. समंद घोड्याच्या अंगावरचा केस आडवा कापून पाहिला, तर रंगद्रव्य केसाच्या एकाच, म्हणजे बाहेरच्या बाजूस आढळते. दुसरी बाजू जवळजवळ रिकामी असते. म्हणून अंग फिके दिसते. गडद रंगाच्या घोड्यात हे जनुक केसाच्या मुळाशी आपले काम पुरेसे करीत नाही, म्हणून रंग सर्व बाजूंनी भरतो. २०२० साली गाढवांच्या अभ्यासातही हेच जनुक पुढे आले.

आता रेघेचा उलगडा होतो. तेथील केसांत रंगद्रव्य पूर्ण भरलेले असते. रेघ वरून काढलेली नाही. भोवतालचे अंग फिके झाले आणि ती तेवढी गडद उरली. माळरानावरच्या जनावराला फिके अंग लपायला उपयोगी पडत असणार. मंगोलियातला प्रझेवाल्स्की घोडा आजही याच रंगाचा आहे आणि फ्रान्समधील लास्को गुहेत सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वी माणसाने रंगवलेले कित्येक घोडे पिवळ्या अंगाचे व काळ्या आयाळीचे आहेत.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक समंद घोडा या प्रकारचा नसतो. अगदी वेगळ्या जनुकामुळेही अंग पिवळे व आयाळ काळी होते. मात्र त्या घोड्याला ही स्पष्ट रेघ नसते. म्हणून परीक्षा करताना अंगाआधी पाठ पाहावी.

आपण ज्यांना साधे एकरंगी घोडे म्हणतो, ते या दृष्टीने नंतरचे ठरतात. त्यातही गंमत अशी की गडद रंगाचा एक प्रकार माणसाने घोडा पाळण्याच्या फार पूर्वीचा आहे. सुमारे त्रेचाळीस हजार वर्षांपूर्वीच्या एका घोड्याच्या अवशेषांत तो सापडला. दुसरा बराच अलीकडचा असून माणसाच्या आवडीने पसरला असावा.

या माहितीचा कलाशाखेच्या विद्यार्थ्याला काय उपयोग, असे कोणी विचारील. २०१९ च्या पशुगणनेत देशातील गाढवांची संख्या सुमारे एक लाख वीस हजार भरली. २०१२ मध्ये ती तीन लाखांच्या वर होती. घोडे व तट्टेही याच काळात जवळजवळ निम्म्यावर आली. जनावर गेले की त्याच्याबरोबर समंद, कुमाईत, दुवान, चौवान हे शब्दही जातात, कारण ते बाजारात बोलले जातात, वर्गात नव्हे. आपल्यापैकी ज्यांची गावे जेजुरी किंवा सारंगखेड्याच्या वाटेवर आहेत, त्यांनी सुटीत बाजारात एक फेरी मारावी, रंगांची नावे विचारून वहीत उतरवावीत आणि जनावराच्या पाठीकडे एकदा नीट पाहावे.